उभी पट्टी

दाराच्या पोटातून मॅंगनीजची काळी धूळ निघाली,
दीड घमेलं.
मनसरच्या खाणीच्या शेडमध्ये एकतीस वर्षं
विटांवर उभी होती.
चाकं कोणाच्या तरी डमणीला लागलेली,
मागच्या सीटमध्ये मुंगसाचं बिऱ्हाड.
तोलानीशेठनं भंगाराच्या भावात घेतली,
गड्डीगोदामला माझ्या शेडसमोर आणून सोडली,
म्हणाले, "बोदेले, हिला माणसात आणा."

शेव्हरोले फ्लीटमास्टर. कापडी टपाची.
सहा सिलिंडर, नव्वद घोडे,
दाराच्या उंबऱ्यावर फिशरची पाटी
आणि पाटीवर एक बग्गी, घोड्यांशिवाय.
लढाईत तिकडच्या कारखान्यांनी मोटारी बंद केल्या होत्या.
शेहेचाळीसला पुन्हा सुरू झाल्या
त्या जुन्याच साच्यातून,
तोंड धुऊन, भांग बदलून.
शेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
तिघी सख्ख्या बहिणी, नाकावरून ओळखायच्या:
सत्तेचाळीसच्या जाळीला नुसत्या आडव्या पट्ट्या,
अठ्ठेचाळीसला मधोमध एक उभी.
एकोणपन्नासला साचाच मोडला.

आमची अठ्ठेचाळीसची.

दोन उन्हाळे ठोकत होतो.
मे महिन्यात पत्र्याला हात लावला
की कातडी तिथंच राहायची,
म्हणून पहाटे चारला दिवा लावून पोचे काढायचे.
गिअरचे दात हिंगण्यात पाडून घेतले,
पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदाही.
टप शिवला गोळीबार चौकातल्या परात्यांनी.
बापाचा माग गेला तेव्हापासून ते रिक्षांच्या सीटा शिवतात.
कापड दोन बोटांत चोळून म्हणाले, "याचा बाना सैल हाय,"
आणि शिवण दुहेरी घातली, न सांगता.
रबराखाली नखाएवढा जुना रंग सापडला,
पिकल्या जांभळाच्या सालीचा.
त्या नखावरून अख्खी गाडी रंगवली.

मग रॅली ठरली, आणि शेठ फ्लेक्सचा नमुना घेऊन आले.
"सत्तेचाळीस लिहू. स्वातंत्र्याची गाडी.
पब्लिकले आवडते.
ती उभी पट्टी तेवढी काढून टाका."

"शेठ," म्हटलं, "मी पोचे काढतो,
साल नाई काढत."

म्हटलं खरं.
पण बिलाचे साठ हजार बाकी होते
आणि पट्टीला दोनच स्क्रू.
एक निघाला. दुसरा गंजाला धरून होता,
त्याला तेल सोडून मी चहा प्यायला गेलो.

आलो तर गाडीपुढं प्लास्टिकच्या खुर्चीत
शेठची भुआ, लाजवंतीबाई, नव्वदीच्या.
जरीपटक्याहून मुद्दाम बघायला आलेल्या.
मांडीवर फ्लेक्सचा नमुना, चष्मा कपाळावर.
बोट आकड्यावर.
"हे कोणी लिहिलं?"
शेठ हसले, समजावून सांगू लागले.
"सत्तेचाळीस नको रे," बाई म्हणाल्या.
"त्या वर्षी आपल्याकडे काय होतं?
कराचीहून बोट, बोटीत बादली,
बादलीत तुझा बाप बसवलेला.
या गाडीत आपण कुठं होतो?"

शेठ काही बोलले नाहीत.
फ्लेक्सची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली.
मी खाली बसून पहिला स्क्रू परत लावला.
दुसरा निघालाच नव्हता.

मग बाईंना पुढच्या सीटवर बसवलं.
सकाळचे सात, फेब्रुवारीचं ऊन, अजून बोचत नव्हतं.
कामठी रोडनं निघालो, टप मागं दुमडलेला,
ट्रकवाले हॉर्न देत बाजूला होत होते,
शाळेची पोरं रिक्षातून ओरडत होती.
बाईंनी आधी आरशात पाहिलं,
मग हळूच वर.
"हिला छप्पर नाही?"

"आहे ना भुआ," शेठ म्हणाले, "पण उघडता येतं.
त्याचेच तर पैसे आहेत."

"उघडायचे?"
"हो."
"पैसे देऊन?"

पुलाच्या अलीकडे, निंबाखाली, शेठनं गाडी थांबवायला सांगितली.
आम्ही दोघांनी टप ओढून पुढं आणला,
काचेच्या चौकटीवर दोन्ही कड्या बसवल्या.
परात्यांची शिवण डोक्यावर ताणली.
बाईंनी हात वर करून
ती चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
म्हणाल्या, "चला."