निम्मी नळी

वर एकशे अठ्ठ्याहत्तर. खाली एकशे चार.
मी लिहिलं तसं बाबालाल मुलाणींनी
चष्मा कपाळावर सारून विचारलं,
"किती किलो भरतंय?"

वाळव्याकडच्या कारखान्यात
एकतीस गळीत हंगाम काढलेला माणूस.
त्यांना दाब समजावणं म्हणजे
कृष्णेला ओल शिकवणं.

तरी मी, मिरजेच्या या ओपीडीत चौथाच महिना,
केसपेपरच्या पाठीवर नळी काढली. दोन सरळ रेषा.
"रक्त दाट झालं की अडतं."
"मळीगत," ते म्हणाले. "डिसेंबरात पहाटं मळी हलत न्हाई,
वाफ दिली की मग चालाय लागती."
"नळी लांबली तरी अडतं. अंगावर चरबी चढली
की तिला पोसायला नव्या नळ्या फुटतात."
त्यांनी पोटावर हात फिरवला.
"बिनमंजुरीची पाइपलाइन."

"आणि नळी निम्मीच उरली, तर..."
"दुप्पट जोर."
"नाही."
"मग चौपट. एवढं कळतंय आम्हास्नी."
"सोळापट."

टेबलाच्या कडेचा रंग
ते नखानं खरवडत राहिले.
रांगेत कुणीतरी एक्सरेची पिशवी
या हातातून त्या हातात घेतली.

"रसाच्या लाइनीत खपली धरायची.
लई न्हाई, बोटाच्या पेराएवढी.
पंप कण्हायचा. दोन मोटारी जळाल्या.
अण्णाप्पा फिटरला मी सगळ्यांदेखत शिव्या घातल्या,
म्हटलं, वाइंडिंगमध्ये खाल्लंस.
त्यानं काम सोडलं."
जरा थांबून :
"ह्या सोळात गेलं व्हय ते."

मी म्हटलं, लोखंड घाबरत नाही.
(हे मला कुणी असं शिकवलं नव्हतं.)
या नळ्या घाबरतात. गारठ्यानं आवळतात,
दारावरच्या थापेनं, गिळलेल्या वाक्यानं.
त्यातही ज्या केसाहून बारीक, त्याच जास्त.
तिथंच सगळी अडवणूक.

ते खिडकीकडं बघत होते.
"धाकटी रेहाना. बारा दिस झालं
फोन उचलत न्हाई. चूक माझीच हाय."
मला पुढं काय विचारावं सुचलं नाही,
म्हणून पट्टा परत गुंडाळला, फुगवला,
हळूहळू हवा सोडत कान लावला.

एकशे चौसष्ट. खाली अठ्ठ्याण्णव.
"उतरलं?"
"थोडं."
"एवढ्यानं?"
"गोळी रोज घ्यायचीच. मीठ कमी. विडी बंद."
"विडीनं बी आवळतंय?"
"विडीनं तर फारच."

केसपेपर नळीसकट घडी करून
त्यांनी वरच्या खिशात ठेवला.
दार लोटताना दिसलं :
बाहेर बाकावर बसून, मोबाइल लांब धरून
नंबर शोधत होते.
रेहानाचा की अण्णाप्पाचा, कळलं नाही.

पुढची बाई आत आली, बाही वर करत.
पट्टा अजून
त्यांच्याच दंडाच्या मापाचा होता.