जीभ दाखवा

दवाखान्याच्या पायरीवर बुटांचं बर्फ झटकून
आत येणाऱ्याला मी आधी नाव विचारत नाही.
जीभ दाखवा, म्हणते.
नावं वहीत असतात.
जिभेवर असते गेल्या सहा महिन्यांची हकीगत.

लाकूडतोड्या आर्मासची कडेने सोललेली:
एक तुटका दात,
आणि त्याच बाजूला दिवसभर धरलेला पाइप.
दात घासून घे, म्हटलं. पाइपचं बोललेच नाही,
एका दिवशी माणसाकडून किती काढून घ्यायचं.

हिल्याची फिकी, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा,
नखं चमच्यासारखी खोलगट.
चार वर्षांत तीन बाळंतपणं, अंगात लोह उरणार कुठून?
गावात तिला गर्विष्ठ म्हणतात, हसत नाही म्हणून.
हसलं की चीर उलते, हे कोणी विचारलेलं नाही.

छोट्या एइनोच्या जिभेवर नकाशा उमटलेला,
लाल मुलूख, पांढऱ्या वळणदार कडा.
आई घाबरून त्याचा हात सोडेना.
काही नाही हो, राहू द्या, मी म्हटलं,
हा नकाशा उद्या बदलेल.
याच्या सीमा रातोरात सरकतात
आणि कुणाला भांडीकुंडी गाडीत टाकून निघावं लागत नाही.
बोलले आणि मीच जीभ चावली.
तीही तिकडचीच होती,
युद्धानंतर सीमेपलीकडे राहिलेल्या गावची.

ओकुलीनाही तिकडचीच.
वसंतापासून ती बोलत नव्हती.
पाद्री म्हणाले, शोक. दोन मुलगे गेले तिचे.
शेजारीण म्हणाली, हट्ट.
सून म्हणाली, तिच्या बोलीला इथे हसतात, म्हणून.
सगळेच थोडे थोडे खरे होते.
मी म्हटलं, आजी, जीभ.

गुळगुळीत. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी.
लालभडक, एकही कण नसलेली,
जणू कुणी सुरीने खरवडून स्वच्छ केली होती.
चेहरा मेणाचा. आंबट बेरी तोंडात धरवत नव्हती,
मिठाची आग, कॉफीची आग,
शब्द उच्चारायचा तर तोही दातांवर घासणार.
पायांखाली कुणी लोकर अंथरलीय, तिने खुणेनं सांगितलं,
अंधारात भिंत धरल्याशिवाय चालवत नाही.

काय खाता?
तिने दोन हात पसरून मासा दाखवला,
मग पोट, मग चिमूटभर मीठ.
सरोवरातल्या माशाची कच्ची अंडी, भाकरीवर.
तिच्या आईने तशीच खाल्ली, आजीनेही.

डॉक्टर माझ्याकडे बघून नुसतेच मान हलवत राहिले.
नेच्याच्या मुळाचा अर्क दिला, रात्रभर बादलीशी बसले मी.
पहाटे तो आला, फितीसारखा, संपेचना.
दाराशी धरून मोजला: तीन दारं भरली.
कित्येक वर्षं घरात सर्वांआधी जेवत होता
हा न बोलावलेला पाहुणा.

मग सुया. गुरांच्या काळजाचा अर्क, आठवड्यातून दोनदा.
काळीज टोचून घेताना ती भिंतीकडे बघायची.
शोक काही नेच्याने पडला नाही.
पायांखालची लोकरही पूर्ण गेली नाही.
पण बर्फ फुटायला लागलं तेव्हा
जिभेवर बारीक कण परत आले, दगडावर शेवाळ धरावं तसे.

पहिला शब्द कुठला असेल, याची मी उगाच वाट पाहत होते.
गावाचं नाव घेईल. मुलांचं घेईल.
तिने आमच्या कॉफीचा घोट घेतला,
तोंड वेडंवाकडं केलं आणि आपल्या बोलीत, ठणठणीत म्हणाली:
ही कॉफी आहे की बूट उकळलाय?

मासा शिजवून खा, मी बजावलं. अंडीसुद्धा.
शिजवलेली अंडी! ती म्हणाली,
मला जगवायचंय ना तुला?
आणि भिंत धरत धरत निघून गेली.

त्या रात्री कंदील उचलून
खिडकीच्या काळ्या काचेत
मी माझी जीभ बाहेर काढली.
लहानपणापासून मीही तेच खात आलेय.
काच धुकटली. पुसली.
पुन्हा पाहिलं.