चाळीस सेंट

कोलंबसच्या विधानभवनात, समितीच्या खोलीत
माझं काम एवढंच: दिवा सांभाळायचा.
हिरवा म्हणजे बोला.
पिवळा म्हणजे आटपा.
लाल म्हणजे धन्यवाद, पुढचे कोण?
प्रत्येक साक्षीदाराला सारखीच दोन मिनिटं.
फक्त काहींची दोन मिनिटं
आदल्या रात्री महागड्या हॉटेलात शिजून आलेली असतात.

आज एकविसावी होती लोरेटा प्रुइट, गाव झेन्सव्हिल.
रात्रपाळी करून थेट आलेली,
अंगात अजून वृद्धाश्रमाचा जांभळा गणवेश,
खिशातून डोकावणारा रबरी हातमोजा,
मांडीवर मुलगा, चारेक वर्षांचा,
कारण त्याला ठेवायला जागा असती
तर ती इथं आलीच नसती.

कागद नव्हता तिच्याकडे. म्हणाली,
मार्चमध्ये माझा पगार वाढला, तासाला चाळीस सेंट.
मॅनेजरनं केक आणला होता.
एप्रिलमध्ये सरकारचं पत्र आलं:
तुमचं उत्पन्न मर्यादेच्या अकरा डॉलर वर गेलं आहे,
पाळणाघराची मदत एक तारखेपासून बंद.
महिन्याला एकोणसत्तर डॉलर आले.
सातशे साठ गेले.

बोटांवर मोजलं नाही तिनं.
पाठ होतं, जशी माझ्या आजोबांना
पावकी-निमकी पाठ होती, झोपेतून उठवलं तरी.

पिवळा.

मग मी मॅनेजरकडे गेले, म्हणाली,
म्हटलं, ही वाढ परत घ्या.
तो म्हणाला, त्यासाठी फॉर्म नाही.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.
सभापती फोन बघत होते.

आमच्याकडे म्हणतात हातावर पोट.
सतरा वर्षांत हा शब्द एकदाही तोंडी आला नव्हता.
वाटलं होतं, विमानतळावरच राहिला,
वजन जास्त भरलं म्हणून काढून ठेवलेल्या सामानात.
आज तो लोरेटाच्या मांडीवर बसून
माइकची तार चघळत होता.

दिवा लाल व्हायला हवा होता.
माझा अंगठा बटणावर होता.
मी खोकले.
पाण्याचा पेला शोधला, जो समोरच होता.
नऊ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
सरकारी वेळ चोरला.
चाळीस सेकंद, फार तर.

तेवढ्यात ती रडली नाही.
म्हणाली, दया नको मला.
चढायला मी तयार आहे,
पण तुम्ही जिन्याच्या मधल्या पायऱ्या काढून
तिथं कडा ठेवलाय.
मदत कमी करा, करा ना,
पण पगार वाढेल तशी, थोडी थोडी,
एक पाय टेकला की दुसरा उचलता येईल इतपत.
आणि पोर तापलं, मी तापले,
तर एक दिवस घरी राहू द्या, पगार न कापता.
गेल्या हिवाळ्यात एकशे दोन ताप अंगात घेऊन
मी आठ जणींना अंघोळ घातली.
त्यातली एखादी
तुमच्यापैकी कुणाची आई असेल.

सभापतींनी फोन पालथा ठेवला.

लाल.

जाताना मुलगा दिव्यापाशी थांबला,
त्यानं काचेला बोट लावलं,
गरम नाही, म्हणाला, आणि त्याचा विरस झाला.

मतदान पुढच्या आठवड्यात,
किंवा त्याच्या पुढच्या, किंवा सुट्ट्यांनंतर.
नोंदवहीत प्रत्येक नावापुढे तीन चौकटी असतात:
बाजूनं, विरोधात, केवळ माहितीसाठी.
तिच्या त्या सगळ्या रात्रीची
एका चौकटीत एक फुली झाली.
दिवा सांभाळणाऱ्यांसाठी चौकट नसते.
आम्ही कुणाच्याच बाजूचे नसतो,
नेमणूकपत्रातच लिहिलंय तसं.
म्हणून वहीच्या मागच्या पानावर,
या इमारतीत कुणालाही वाचता येणार नाही अशा लिपीत
मी लिहून ठेवलं: बाजूनं.

बाविसावे साक्षीदार टाय सारखा करत पुढे आले,
पाणीदार कागदाची फाइल, घसा साफ.
त्यांनाही दोनच मिनिटं.
मी हिरवा लावला.