देखरेखीखाली

आकडे सपाट आवाजात म्हणायचे.
सेकंदाला एक. शेवटच्यावर आवाज किंचित खाली,
म्हणजे समोरच्याला कळतं, संपले.
हे मी महिनाभर घोटवलं चेंबूरच्या खोलीत
गळक्या नळाच्या तालावर,
आणि आई म्हणाली, एम.ए. झालीस ती हे म्हणायला?

तिला तीनदा सांगून झालंय:
डॉक्टर नाही, औषध देत नाही,
मानसशास्त्रज्ञ म्हणूनही अजून सही चालत नाही.
सहायक. तीही शिकाऊ.
माझ्या नावाखाली रेघ, रेघेखाली छापलेलं ‘देखरेखीखाली’,
आणि त्याखाली मस्कारेन्हस मॅडमची सही,
माझ्या नावाच्या दुप्पट.
शेजारी विचारलं की आई सांगते, मेंदूचं काहीतरी.

तिसरा मजला, खोली बत्तीस.
पूर्वी इथे चादरी-घोंगड्यांचं कोठार होतं,
ओल्या लोकरीचा वास अजून गेलेला नाही.
ठोकळ्यांच्या पेटीतला एक ठोकळा हरवलेला.
मी घरून तस्साच रंगवून आणला होता,
मॅडमनी उचलून माझ्या पर्समध्ये टाकला.
प्रमाणित म्हणजे प्रमाणित.

आज दत्ताराम म्हाप्रळकर, वय सदुसष्ट.
सुनेनं आणलंय. गॅस उघडा ठेवतात,
दूधवाल्याला दोनदा पैसे देतात.
शिक्षण सातवी. व्यवसाय: निवृत्त.
मीही तेवढंच उतरवून घेतलं.

“मी आकडे म्हणेन, तुम्ही उलटे म्हणा.
सात, एक, पाच, दोन.”

त्यांनी दाराच्या वर पाहिलं,
जिथे पोपडे सुटलेल्या भिंतीशिवाय काही नाही.
उजवी मूठ मांडीवर जराशी फिरली.
“एक, दोन, पाच, सात.”

शून्य.

“नऊ, तीन, सहा, चार.”
“तीन, चार, सहा, नऊ.”

दोन शून्यांनंतर थांबायचं, पुस्तिका सांगते.
थांबले. चूक की बरोबर सांगायचं नसतं,
चेहरा तिकीटखिडकीचा ठेवायचा असतो.
तेच म्हणाले, सहज,
“बोलणारे कसेही बोलतात हो, बाई.
सात म्हणतील, मग एक म्हणतील.
लिफ्ट काय अशी उड्या मारत जाते?”

बॅलार्ड पियरची कचेरी, चौतीस वर्षं.
जाळीचं दार, पितळी दांडा,
नऊ मजले, वर एक गच्ची फक्त साहेबांसाठी.
सून घरात आली तेव्हा हे सगळं सुटलेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमना सांगितलं, डबा न उघडताच.
मला वाटलं, शून्याचं त्या काहीतरी करतील.
त्या बांगड्याचे काटे काढत होत्या.
“शून्य शून्यच राहील.
गॅस खरंच उघडा राहतो ना?
मग.”
एक काटा ताटाच्या कडेला.
“समासात मात्र लिही सगळं. दांड्यासकट.”
समास दीड इंच.
कागद आडवा धरून लिहिलं.

निघताना सून औषधांच्या रांगेत,
म्हणून लिफ्टपाशी मी गेले त्यांच्यासोबत.
ही स्टीलची, बटणांची, आपली आपण उघडणारी.
ते शिरले आणि बटणांशेजारचा कोपरा पाठीनं धरला.
“कुठला?”
एक्स-रेचा लिफाफा घेतलेला पोरगा म्हणाला, सहा.
मी म्हणाले, तळमजला.
सिस्टर म्हणाल्या, चार.
“चार, सहा, मग तुम्ही,” ते मला म्हणाले,
“तुम्हाला जरा फेरा पडेल.”

खाली दार उघडलं तशी बाहेरची माणसं घुसू लागली.
त्यांनी हात आडवा धरला.
उतरणारे आधी.
मी उतरले.
वळून पाहते तर ते आतच,
दार मिटता मिटता आवाज आला, कुठला?

त्यांची फाईल छातीशी धरून
मी जिन्यानं धावत सुटले, सेकंदाला दोन पायऱ्या,
कोण कुठला मजला म्हणालं
ते ऐकायचं राहिलं होतं.