कुल्कास

पहिल्यांदा गेला कढीपत्ता.
जुलैतली पहाट, नाइट ड्युटीवरून परतले तर
भिंतीशी फक्त एक ओला गोल,
रंगाच्या बादलीच्या बुडाएवढा.
नवऱ्याला हाक मारून खाली बोलवेपर्यंत
तोही वाळला.
मंगफच्या उन्हाला पुरावे ठेवायची सवय नाही.

मग ओव्याची कुंडी. कुंडी कसली, लबनेचा डबा.
मग गवती चहा, अर्धाच,
कुणीतरी कात्रीने, सरळ रेषेत,
न्हाव्याने मान साफ करावी तसा.
तिसऱ्या मजल्यावरची शोशम्मा म्हणाली, कॅमेरा लाव.
नवरा म्हणाला, पोलिसांत जा,
पण अळूला अरबीत काय म्हणतात ते आधी शोधून ठेव.

ते मला ठाऊक होतं.
बिशॉयने, आमच्या इमारतीच्या हारिसने,
ऑक्टोबरात फरशी पुसता पुसता बोट दाखवलं होतं:
कुल्कास!
मिन्याकडच्या त्याच्या गावात आई रांधते,
गितासला, येशूच्या स्नानाच्या सणाला, कंद चिरून.
मी म्हटलं, आम्ही पानांच्या वड्या करतो.
पानं? तो म्हणाला. पानं खाता?
एकमेकांची कीव करत दोघंही हसलो.

तर अळू तेवढा राहिला होता,
ऑलिव्ह तेलाच्या पत्र्याच्या डब्यात.
उन्हाळाभर एसीच्या नळीचं ठिबकतं पाणी,
थंडीत तांदळाचं धुवण.
काळ्या देठाचा, वडीचा.
कंद कुडाळहून आणला होता पायमोज्यात,
मोजा बुटात, बूट बॅगेच्या तळाशी.
विमानतळावरच्या मुलीने बूट उचलला,
नाक मुरडलं, परत ठेवला.
आणि कुडाळात तरी तो माझा कुठे होता?
वत्सलाकाकूंच्या मोरीमागून उपटलेला,
त्या दुपारच्या आडव्या झाल्या असताना.
चोरून लावलेलं जोमानं धरतं म्हणतात.
धरलं होतं.

अठरा जानेवारी.
डबा आडवा. माती वर्तमानपत्रावर काढलेली,
कंद नाही.
पानं मात्र सगळी, एकावर एक,
देठ एका बाजूला करून, सुतळीने बांधून
मीटरच्या पेटीवर ठेवलेली.
चौदा. दोनदा मोजली.

संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीतून
लसणाचा, कोथिंबिरीचा वास वर आला.
वर मी बेसनात चिंच-गूळ कालवत होते,
पानं सुकायच्या आत करायलाच हव्यात वड्या.
रागावायचं होतं मला,
पण हात भरलेले होते.

तिसऱ्या दिवशी तो सिलिंडर घेऊन आला.
सलाम केला, खाकरला, परत खाकरला.
लेमून, मी म्हटलं,
लेमून भरपूर घालायचं, बिशॉय. घसा खाजत नाही.

सिलिंडर खांद्यावरच राहिला.
जिन्यातला दिवा त्याची वेळ संपली तसा विझला.
बिशॉयने कोपराने बटण दाबलं.

मदाम, तो म्हणाला,
बादलीतलं झाड मी नाही नेलं.

ओव्याचं काही बोलला नाही.