साका

गिर्येच्या खळ्यात कोळशाने चार चौकोन आखले
आणि दोनशे हापूस कापायला बसलो.
बागवाले पुरळकर खांबाला टेकून
दर फोडीमागे डझनाचा भाव पुटपुटत होते.

मशीनने आधीच सांगून टाकलं होतं
कुठला चांगला, कुठल्यात साका.
पण साका आत असतो, बाठ्याला लागून.
साल शेवटपर्यंत पिवळीधम्मक.
सुरीशिवाय साक्षीदार नाही.

बारा निघाले. पांढुरके, भुसभुशीत, आंबूस.
मशीनने त्यांतले चार ओळखले होते,
वर दोन चांगल्यांवर उगाच आळ.
तरी शंभरात पंच्याण्णव बरोबर.
पुरळकर पहिल्यांदा हसले.

मी गडग्यावरचा एक चिरा दाखवला.
म्हटलं, हा बसवा मशीनच्या जागी,
न बघता दोनशे वेळा "चांगला" म्हणू दे,
चौऱ्याण्णव त्यालाही मिळतील.

रुक्मिण आडिवरेकर
तेवीस हंगाम देठ दाबून आंबे निवडते.
कापण्याआधी तिच्याही हातून गेले होते हेच दोनशे.
बारातले नऊ तिने धरले
आणि एकोणीस निर्दोष कॅनिंगच्या ढिगात लोटले.
शंभरात एकोणनव्वद.
चिऱ्याच्याही खाली.

"गे चेडवा, चुकलंय खंय ता बघ.
माझो चुकलेलो आंबो कॅनिंगाक जाता.
तुझो जाता पुण्याक, कोणाच्या तरी ताटात."

चौथ्या चौकोनात आठ आंबे होते.
मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते सकाळपासून.

मग लॅपटॉप मांडीवर घेऊन
मशीनला जरा भित्रं केलं.
आता बारातले दहा सापडले,
आणि एकतीस चांगले बाद.
"त्या एकतिसांचे पैसे कोण देणार?"
पुरळकरांचा प्रश्न रास्त होता.
त्याचं उत्तर माझ्या कुठल्याच सूत्रात नव्हतं;
ते त्यांच्या वहीत होतं, आणि पुण्यातल्या त्या ताटात.

उन्हं कलली. मुंग्या चौकोनांत शिरल्या,
कुठलीच रेघ न मानता.
मी अहवालात चारही आकडे लिहिले,
पंच्याण्णव खोडला.

एकशे अठ्ठ्याऐंशी चांगले होते
हे कळायला
तेही कापावे लागले.

रुक्मिण मोठं पातेलं मागत होती,
माशा बसायच्या आत रस काढून
साठं घालायला.