तोंडातल्या तोंडात

ग्लासगोत, क्लाइड नदीकाठच्या इमारतीत,
आश्रयाच्या अर्जांची सुनावणी चालते. मी दुभाषी, तासावर पैसे.
तिग्रिन्याचं इंग्रजी, इंग्रजीचं तिग्रिन्या,
मधे पाण्याचा पेला.

हब्तेमिकाएल बसला होता गुडघ्यांवर हात ठेवून.
ओठ हलत होते. आवाज नाही.
सरकारी वकिलाने चष्म्यावरून पाहिलं:
‘हे काय करताहेत?’

मला फक्त एक क्रियापद हवं होतं.

‘रिसाइट’ला आवाज लागतो, आणि ऐकणारा.
‘मटर’मध्ये थोडं वेड मिसळलेलं असतं.
‘प्रे’ म्हणावं, तर देवाशी त्याचं बोलणं बंद आहे
कधीपासूनचं.
आणि ‘रिहर्स’.
तो जिभेच्या टोकावर आलाच होता,
दात मिटले म्हणून वाचलो.
कागदावर उतरलं असतं: अर्जदार जबानी घोकत होता.
एवढ्यावर माणूस विमानात बसतो. परतीच्या.

बाहेरच्या बाकावर त्याने मला सांगितलं होतं,
जे नियमाने मी ऐकायला नको होतं:
लोखंडी कंटेनर, एकोणीस माणसं, कागद नाही, खडू नाही.
प्रत्येकाने नाव, बापाचं नाव, गाव
याच्या हवाली केलं, कारण याचं पाठांतर चांगलं.
सुटलास तर आयांना सांग.
अकरा वर्षं झाली. आयाही आता कमी झाल्या असतील.

दारापाशी शीना उभी होती, शिपाईणबाई.
सकाळी फोनवर लेकीला म्हणत होती, पोराला मी ‘माइंड’ करते,
आणि मग मला, शाळेतली एक मैत्रीण
अजून ‘माइंड’ करते म्हणून.
इकडच्या बोलीत राखणं आणि आठवणं
एका चुलीवर रांधतात, दोन जावांसारखी.

‘ही इज माइंडिंग देम,’ मी म्हणाले.
‘देम? कुणाला?’ वकील लंडनचा.
न्यायाधीश बाई पेझलीच्या. त्यांनी मान वर केली,
काहीतरी लिहिलं. काय, ते मला दिसलं नाही.

आमच्या बोलण्यात तो तेराव्या नावावर तुटला होता.
त्याने डोळे मिटले
आणि पहिल्यापासून सुरू केलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
खोली थांबली, एकोणीसपर्यंत.